खुर्चीतून दिसणारे वाफे

४ जानेवारी

काटकोन,

आईच्या गुडघ्याचे टाके काल निघाले. जखम चांगली भरली आहे. मार्चअखेरपर्यंत जिने नाहीत, खाली बसणं नाही, आणि चालायचं ते वॉकर धरून. आईने डॉक्टरांना विचारलं, "मग मी दिवसभर करू काय?" ते म्हणाले, "बघत बसा." तेव्हापासून ती बघत बसली आहे.

काय बघते, तर माझी गॅलरी. अकरा कुंड्या. सकाळी चहा घेऊन बसते ती जेवायलाच उठते. परवा शेजारणीला सांगत होती, "मी आता इथेच राहावं म्हणते. आमच्याकडे खिडकीतून दिसतं काय, तर गंजके पंप." शेजारीण हसली. आई हसली नाही.

तिने राहायला माझी काहीच हरकत नाही. मला आयता चहा मिळतो, शर्टांची बटणं लागलेली असतात. पण तू आणि बाबा दोघंच त्या घरात, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी पेन उचललं. स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात फुलांचे दोन-तीन वाफे करता आले तर बघा. घरी गेल्यावर तिला पुढे कित्येक महिने खुर्चीतच बसायचं आहे. आधी मात्र कळू देऊ नका. कळलं की "माझ्यासाठी कशाला" सुरू होईल.

फोनवर यातलं काही बोलू नकोस, फोन तिच्या उशाशी असतो. पत्र लिही. तेही घरी नको, ती दिवसभर घरातच असते. ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, पत्ता खाली दिला आहे.

ताई

ता. क. डिंक सापडत नाही आणि मला उशीर झाला आहे. पाकीट आईला चिकटवायला सांगते. ती कुणाचं पत्र वाचणाऱ्यातली नाही.


१२ जानेवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ते वाचल्यापासून मला नीट झोप नाही.

आधी एक दिलगिरी. तू दिलेल्या ऑफिसच्या पत्त्यात पिनकोड नाही. कागदाचा खालचा काठ कात्रीने कापलेला आहे, तोही तिरका, डावीकडे जास्त उतरलेला. घाईत कागद लहान केलास त्यात शेवटची ओळ गेली असावी. अपुऱ्या पत्त्यावर पत्र टाकायला माझा हात धजेना, म्हणून हे घरी पाठवतो आहे. पाकिटावर 'खासगी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. त्यावरून आईला समजेलच.

आता अंगण. खिडकीच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत चौदा फूट दोन इंच, रुंदी नऊ फूट. त्यात बाबांचे अख्खे पंप तेवीस, अर्धे आठ. बाबांनी पंपदुरुस्ती सोडून चार वर्षं झाली, पंपांनी बाबांना सोडलेलं नाही.

रविवारी मी विषय काढला.

"बाबा, आई तिकडेच राहायचं म्हणते आहे."

"राहू दे की. चार दिवस आराम मिळेल तिला."

"चार दिवस नाही. कायमची."

बाबांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. "काय म्हणालास?"

मी परत सांगितलं. ते उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "फुलं लावू. पण पंपांना हात लावायचा नाही."

"मग फुलं लावायची कुठे?"

"पंपांच्या मधे मधे."

मी नकाशा काढला आहे. तीन वाफे, प्रत्येक सहा फूट बाय अडीच. दुकानात फोटोंच्या चौकटी करताना पट्ट्यांचे तुकडे उरतात, त्यांची कड लावणार आहे. कोपरे पंचेचाळीस अंशात कापून जोडायचे, म्हणजे फट दिसत नाही. मालकांनी परवानगी दिली. म्हणाले, "लोक चित्राला चौकट करतात, तू चिखलाला कर."

मला एकच सांग. आई खरंच राहणार म्हणते आहे, की ती तसं नुसतं बोलते? तू तिच्या समोर असतेस, तुला कळत असेल. मला इथून काही कळत नाही, आणि कळत नाही तोवर माझ्या हातून काच नीट कापली जात नाही. या आठवड्यात दोन फुटल्या.

तुझा भाऊ


२० जानेवारी

प्रिय बाळ काटकोन,

मी ताई. तुझं पत्र पोचलं. ते आईच्या हाती लागलं नाही, ती त्या वेळी झोपली होती. यापुढेही घरच्याच पत्त्यावर पाठवत जा. ऑफिसात पत्रं गहाळ होतात, शिपाई फार विसराळू आहे.

अक्षर वेगळं वाटेल. दारात अंगठा सापडला, म्हणून असं येतंय. काळजी करू नकोस.

आई मजेत आहे. अशी आई मिळायला भाग्य लागतं, असं मी कालच शेजारणीला म्हटलं. ती राहणार का, ते मलाही नक्की सांगता येत नाही. तिच्या मनाचा ठाव घेणं सोपं नाही. मला वाटतं सगळं त्या अंगणावर आहे. पंप एकही दिसता कामा नये. अर्धेसुद्धा. मधे मधे फुलं लावायची म्हणजे भंगाराला गजरा माळायचा.

फुलं कुठली, ते तू विचारलं नाहीस. न विचारता पिवळा झेंडू आणून मोकळा होशील. आईला झिनिया आवडतो, लाल. कडेने पांढरी सदाफुली. हे तिने मला कधी सांगितलेलं नाही, पण मुलीला कळतं. सोबत पुडीत झिनियाचं बी पाठवते आहे, गॅलरीतलं आहे. आधी खोक्यात रोपं कर, मग वाफ्यात लाव.

ह्यांच्या, म्हणजे बाबांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? संपल्या असतील तर चिठ्ठी फडताळात वरच्या खणात, बिलांच्या फाइलीखाली आहे. ओटा रात्री कोण पुसतं? भांड्याच्या फडक्याने पुसू नका. तू दूध पितोस का?

तुझी ताई


३१ जानेवारी

ताईस नमस्कार.

चिठ्ठी तू सांगितलीस तिथेच मिळाली. तू सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलीस, चिठ्ठी गेल्या वर्षीची आहे, तरी तुला बरोबर ठाऊक होतं. अंगठ्याला आराम पडला का? कुठल्या हाताचा, ते तू लिहिलं नव्हतंस.

वाफे झाले. अंगणात आता एकही पंप दिसत नाही. बाबांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि चौथ्या दिवशी स्वतःच उचलायला लागले. प्रत्येक पंप उचलताना तो कुठल्या इमारतीतला, कधी बंद पडला, तेव्हा कोण किती ओरडलं, हे सांगत होते. त्यामुळे दोन तासांचं काम अडीच दिवस चाललं. ते पंप आता कुठे आहेत, ते मी लिहीत नाही. अंगणात नाहीत एवढं नक्की.

कडेच्या पट्ट्या बसवल्या. बाराही कोपरे काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून तपासले. पावसापाण्याने लाकूड फुगू नये म्हणून पॉलिशचे दोन हात दिले. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता काच लाव आणि भिंतीवर टांग."

खोक्यात झिनिया उगवला आहे. एकसष्ट रोपं. चौदा पडली, तीही का पडली हे मला समजलं आहे, मी फार वेळा पाणी घालत होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खिडकी. मी आईची खुर्ची तिच्या नेहमीच्या जागी ठेवली, ओट्यापासून तीन फुटांवर. तिच्यात बसलो आणि बघितलं. खिडकी म्हणजे चौकटच. तिच्यात तिसरा वाफा बरोबर मधोमध येतो, वर भिंतीची एक पट्टी सुटते. फोटोभोवती कागदाची कोरी पट्टी सोडतात, तशी. दुकानात सहा वर्षं काढली, पण इतकं नेमकं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

आईचं काय म्हणणं आहे? परवा फोनवर ती "बरंय इथे" एवढंच म्हणाली. ते चांगलं बरं की वाईट बरं?

तुझा भाऊ


९ फेब्रुवारी

प्रिय काटकोन,

अंगठा डावा. बरा आहे. आता त्याची चौकशी पुरे.

तू खुर्चीत बसून बघितलंस ते छान केलंस. पण बाळा, तू केवढा आणि आई केवढी? त्या खुर्चीत बसल्यावर आईला खिडकीचा खालचा काठ दिसतो आणि वर आभाळ दिसतं. मधलं काही दिसत नाही. आजवर पंप दिसत होते ते उभ्याने, भांडी घासताना. आता तिला उभं राहायचं नाही. म्हणजे तू सहा फुटी माणसासाठी बाग केलीस आणि आईच्या नशिबी पत्र्याची पन्हळ.

मी आईची उंची मोजली. खुर्चीच्या बैठकीपासून डोळ्यांपर्यंत दोन फूट दोन इंच. तिला कळू नये म्हणून ती झोपली असताना मोजली.

आता काय करायचं ते तुझं तू ठरव. खिडकी खाली आणता येत नाही, आईला उंच करता येत नाही.

पंप कुठे आहेत ते तू लिहिलं नाहीस, तरी मी सांगते. मोठ्या पलंगाखाली आहेत. तिथे आईची पांघरुणांची पेटी आहे. तिच्यावर गंजाचा एक डाग जरी दिसला तर ती आल्या पावली परत जाईल, हे मी तुला मुलगी म्हणून सांगते.

आईच्या शिलाई मशीनवरचं कापड काढून आठवड्यातून एकदा धूळ पुसत जा. तेल घाल.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी परत खुर्चीत बसलो आणि हळूहळू खाली सरकलो. सहा इंच सरकल्यावर वाफे गेले. पुढचे दोन आधी, मग तिसराही. मी तसाच सरकलेला बसून राहिलो. बाबा आले आणि म्हणाले, "तुझ्याही गुडघ्याचं काही आहे का?"

मी दोन दिवस जेवलो नाही असं नाही, पण चव नव्हती. झोपलेल्या माणसाची बसल्यावरची उंची तू कशी मोजलीस, ते विचारणार होतो. पण माप बरोबर असणार याची मला खात्री वाटते, म्हणून राहू दे.

उपाय बाबांनी काढला. वाफे उचलायचे. जमिनीपासून दोन फूट वर. मी म्हटलं, एवढी भर आणायची कुठून? बाबा आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून एक पंप ओढत आणला. मग दुसरा. भोवतीने विटांची भिंत, आत खाली पंप, अर्धे पंप, पाइपांचे तुकडे, वर माती, आणि सगळ्यात वर माझी चौकट. पंपाच्या पोटात पाणी साठत नाही, निचरा चांगला होतो, असं बाबांचं म्हणणं. शेवटचा पंप आत ठेवताना म्हणाले, "बघ. उगीच नव्हते ठेवले." चार वर्षं ते हे वाक्य म्हणायची वाट बघत होते असं मला वाटलं. तेविसातले बावीस मातीत गेले. एक त्यांनी बाजूला काढला. का, ते विचारलं तर कानातलं यंत्र काढून ठेवलं.

पांघरुणांची पेटी मी स्वतः पाहिली. डाग नाही.

आता जे लिहितो ते मला लिहिणं भाग आहे. शिलाई मशीनवरचं कापड मी काढलं. त्याखाली मशीन आहे, पण चाक नाही. पट्टाही नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू ताईला लिहितोसच आहेस ना? मग लिही. मी सांगतो तसं लिही." पुढचं त्यांचं आहे, एकही शब्द मी बदललेला नाही.

"चाक मी काढलं. ती दवाखान्यात गेली त्याच दिवशी. एका पंपाला बसेल असं वाटलं. बसलं, पण पंप चालला नाही. परत लावीन. तिला सांगायला मला भीती वाटते म्हणून तुला सांगतो. आणि हेही लिही. चालू पंपाकडे कोणी बघत नाही. तो बंद पडला की सगळी इमारत खाली येते. घरात आवाज नाही. मी यंत्र काढलं काय आणि घातलं काय, सारखंच."

मग म्हणाले, "शेवटचं खोड." मी खोडलं नाही. त्यांना खोडलं असं सांगितलं.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

काटकोन,

तुला झालंय तरी काय? मी चार जानेवारीला पत्र लिहिलं, आज दोन महिने होत आले, तुझी एक ओळ नाही. रोज ऑफिसात टपाल येतं, मी रोज विचारते, शिपाई आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो. फोनवर तू नुसतं "हो, सगळं व्यवस्थित" म्हणतोस. काय व्यवस्थित? वाफे केलेत की नाही?

इथे आणखी एक त्रास. माझ्या झिनियाची वाळलेली फुलं रोज कोणीतरी खुडून नेतंय. पुढच्या हंगामाला बी म्हणून मी ठेवली होती. आई म्हणते कबुतरं. कबुतरं सुरीने कापतात का?

आणि ती हल्ली दुपारी दार आतून लावून घेते. मागे एकदा मी लवकर घरी आले तर हातात मोजपट्टी. म्हणे व्यायामाची आहे.

लगेच लिही. ऑफिसचा पत्ता परत देते, पिनकोडसकट, आणि हे पाकीट मी स्वतः चिकटवते आहे.

ताई


५ मार्च

आईस नमस्कार.

हे पत्र तुझ्याच नावाने पाठवतो आहे, म्हणजे तुला चोरून उघडावं लागणार नाही.

ताईचं पत्र आलं. माझं एकही पत्र तिला मिळालेलं नाही. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुला लिहावं असं वाटलं.

अंगठा कसा आहे?

मला वीस जानेवारीच्या पत्रावरूनच कळलं होतं. पाकीट उघडल्याबरोबर गुडघ्याच्या मलमाचा वास आला. ताई मला बाळ म्हणत नाही, आणि बाबांना 'हे' म्हणणारी या घरात एकच बाई आहे. मग मी विचार केला की लगेच सांगून टाकावं. दोनदा कागद घेतला, दोनदा ठेवून दिला. थेट तुला विचारायचं असतं तर मला ते जमलं नसतं. ताईला विचारता येत होतं. बाबांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, "चालू दे. मलाही एक-दोन गोष्टी ताईला सांगायच्या आहेत."

तेव्हा मशीनचं त्यांनी सांगितलं ते तुला सांगितलं आहे. रागावायचं असेल तर रागाव. पण त्यांनी खोडायला लावलेलं वाक्य मी ठेवलं, ते तू वाचलंस की नाही एवढं मला कळायला हवं.

आणि ज्याचं उत्तर ताईच्या नावाने तू दिलं नाहीस, ते आता तुझ्याच नावाने विचारतो. तू परत येणार आहेस का?

तुझा मुलगा

ता. क. उचललेल्या वाफ्यांपुढे खुर्चीत मी पुढे सरकून बसलो, डोळे बैठकीपासून दोन फूट दोन इंचांवर येतील असा. दिसतात.


१२ मार्च

बाळ,

मी कुणाचं पत्र चोरून उघडलं नाही. घरात आलेलं पाकीट मी उघडते, ही माझी सवय आहे, तुझ्या जन्माच्या आधीपासूनची. पाकिटावर 'खासगी' लिहून दोन रेघा मारल्या तर माणूस उघडणार नाही, असं तुला वाटलंच कसं? उत्तरं शेजारीण पेटीत टाकायची, मी जिना उतरलेली नाही.

डॉक्टरांनी अठ्ठावीस तारखेला सोडतो म्हटलंय. गाडीत पाय लांब करून बसता येईल अशी सोय कर. दाराच्या पायरीला फळी टाक, वॉकर अडकता कामा नये.

पंप मातीत गेले म्हणतोस. वरून दिसत नाहीत ना? मग ते गेले, असं मी धरून चालते. ह्यांना मात्र मी तसं धरून चालले हे कळू देऊ नकोस, नाहीतर उद्या आणखी चार घेऊन येतील.

मशीनचं मी आल्यावर बघते.

ते वाक्य वाचलं. ते पत्र माझ्याकडे राहील. बाकीची तुझ्या ताईला दिली. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण वाचताना दोनदा हसल्याचा आवाज आला.

आई


२ एप्रिल

ताईस नमस्कार.

तू दोन महिने वाट बघितलीस, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहितो.

आई अठ्ठावीसला दुपारी पोचली. पायरीवर फळी होती, वॉकर अडकला नाही. ती थेट स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग खुर्चीत बसली. बाबा नळ तपासत होते. नळाला काहीही झालेलं नव्हतं.

एकसष्टपैकी चव्वेचाळीस रोपं मोठी झाली आहेत. बहुतेकांना कळ्या आहेत. त्या दिवशी उमललेलं फूल एकच होतं, तिसऱ्या वाफ्यात, लाल. मी तिच्या मागे उभा होतो, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी गुडघे वाकवून माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणले. फूल दिसत होतं.

ती म्हणाली, "तिसरा वाफा डावीकडे कललाय."

मी पातळी तपासायची पट्टी घेऊन बाहेर गेलो. अर्धा इंच. खालचा पंप बसला असावा. मी परत आलो तेव्हा ती बाबांना विचारत होती, "मशीन?"

बाबांनी नळ सोडला. मशीनवरचं कापड काढलं. चाक जागेवर होतं, पट्टा नवा होता, आणि बाजूला लाकडी फळीवर काहीतरी हिरव्या रंगाचं बसवलेलं होतं. तो तेविसावा पंप. म्हणजे त्याची मोटर. बाबा म्हणाले, "पायाने चालवायचं नाही तुला आता. बटण दाब."

"पंप घरात आणलात."

"पंप नाही. मोटर आहे."

आईने बटण दाबलं. मशीन सुरू झालं, आणि एवढा आवाज आला की खिडकीची काच थरथरली. सुईखाली कापड नव्हतं, तरी तिने ते बराच वेळ चालू ठेवलं. बाबांच्या कानात यंत्र होतं. ते काढतील असं मला वाटलं. त्यांनी काढलं नाही. आई आवाजावरून ओरडली, "ऐकू येतंय का?" बाबा म्हणाले, "येतंय."

संध्याकाळी मी तिला विचारलं. तिच्या पत्रात याचं सरळ उत्तर नव्हतं, आणि तारीख सांगणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. म्हटलं, "तू खरंच तिकडे राहणार होतीस का?"

तिने पर्स मागितली. आतल्या कप्प्यातून एक कागदाची चिंचोळी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर तुझ्या अक्षरात सहा आकडे होते.

ताई, तुझं चार जानेवारीचं पत्र तिने वाचून मग चिकटवलं होतं. पिनकोड नसेल तर मी त्या पत्त्यावर पत्र टाकणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तेवढाच कापला. पंप, वाफे, मशीन, सगळं त्यानंतरचं. मी मलमाच्या वासावरून तिला पकडलं म्हणून दोन महिने स्वतःवर खूश होतो. तिने मला त्याआधी सोळा दिवस पकडलेलं होतं.

मी म्हटलं, "हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

ती म्हणाली, "राहायचं असतं तर कात्री कशाला घेतली असती? घरचं पत्र घरीच यायला हवं होतं मला. बघायचं होतं, तुम्ही काय करता."

"आणि आम्ही काहीच केलं नसतं तर?"

"तर मी येऊन केलं असतं. पण मग तुम्हा दोघांना जेवण मिळालं नसतं."

तुझं पत्र माझ्याकडे होतंच. मी ती पट्टी त्याच्या खालच्या काठाला लावून पाहिली. कुठेही फट नाही.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी मी दुकानात नेली. मालक म्हणाले, "एवढ्याशा कागदाला चौकट? आणि हा वाकडा काठ गुण्या लावून सरळ करून घे आधी." मी म्हटलं, नको. चारही कोपरे काटकोनात केले, काच नवी घातली, पहिल्याच खेपेला बरोबर कापली गेली. आतला काठ तिरकाच ठेवला आहे. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी लावली आहे, खुर्चीत बसल्यावर दिसेल अशा उंचीवर.

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर येत आहे. पाकिटावरचा पिनकोड आईने मला विचारून लिहिला. तिला पाठ आहे, पण मी तो पट्टीवरून ताडून पाहीपर्यंत ती थांबली.

तुझा भाऊ

ता. क. तुझ्या गॅलरीला पुरेल एवढं बी या हंगामाच्या शेवटी पाठवतो. कबुतरांकडून.